डोक्यावरचा हात

"आई, तू येऊ नको. आन आलीस तर मला वळखू नको," असं अर्पितानं फोनवर सांगितलं तवा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात वागवलं, आन आता वळखू नको म्हणं! पण पोरीचंबी खरं व्हतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात ती होस्टेलवर राहती. पहिल्या वर्षी खोलीत कुणीतरी म्हणालं, चर्चमंदी जाणारे पैशापायी जातेत. ही गप बसली, ती बसलीच. आता दोन वर्षं झाली, आपण ख्रिस्ती हाव हे तिनं एकीलाबी सांगितलेलं न्हाई. कळलं तर मैत्रिणी तुटतील, ह्या धास्तीत लेकरू जगायलंय. म्हणलं, बरं बाई, न्हाई वळखत.

गेले मी तरी. आमची चुडावा गावची मंडळी, म्हंजे चर्चची माणसं, सगळी मिळून चौदा घरं. प्रार्थना घेणाऱ्या पाळक अंगदभाऊंनी विद्यापीठातल्या मजुरांसाठी आन पोरापोरींसाठी डोळे तपासायचं शिबिर ठरवलं, डॉक्टर आणला, पण डोळ्यांत थेंब टाकायला माझ्याशिवाय हाय कोण? परवानगीच्या कागदावर अट व्हती. धर्माचं नाव काढायचं न्हाई, प्रार्थना करायची न्हाई. तक्रार आली की शिबिर तिथंच बंद.

आता माझी गत ऐका. वीस वर्षं झाली, आजारी माणूस डोळे मिटून समोर बसलं की माझा हात आपसूक त्याच्या डोक्यावर जातो आन ओठ हालायला लागतेत. मंडळीत आमी असंच करतो. आन इथं थेंब टाकला की जो तो माझ्यापुढं डोळे मिटून बसायलाय! सकाळपासून एका हातात बाटली आन दुसऱ्या हातात पदर गच्च धरून मी हुभी व्हते. दारात वॉचमन भगवानराव. त्याची नजर माझ्यावरून हालंना.

अकराच्या सुमाराला रांगेत अर्पिता दिसली. संगं तिच्या खोलीतली दिपाली, तिला मी फोटोत बघितलेलं. तिनंच वढून आणलं असणार. अर्पिता खुर्चीत बसली, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. किती वाळली व्हती गं! डोळ्यांखाली काळं. मी थेंब टाकले, तिनं डोळे मिटले.

पदर कवा सुटला, देवाला ठाऊक. माझा हात तिच्या केसांवर व्हता आन मी पुटपुटत व्हते.

"ओ बाई! काय चाललंय?" भगवानराव तरातरा आला. "प्रार्थना करायल्यात काय? पोरी, तू वळखतीस का ह्यांना?"

अर्पितानं डोळे उघडले न्हाईत.

"न्हाई," ती म्हणाली.

मीच कबूल केलं व्हतं. तरी तो शब्द चटका देऊन गेला.

"माझी मावशी हाय, काका," दिपाली मधी घुसली. "माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर हात ठिवला, त्यात तुमचं काय गेलं?"

भगवानराव गुरगुरत दाराशी गेला. अर्पिताला बाजूच्या बाकावर बसवून दिपाली खुर्चीत बसली, आन हळूच म्हणाली, "पेपराच्या आधी हिचेबी ओठ असेच हालतेत, मावशी. पहिल्या वर्षापासून बघायलेय मी. म्हणलं, सांगंल तिला वाटंल तवा."

बाकावर अर्पिताचं तोंड पांढरंफटक पडलं. सगळं ऐकलं व्हतं तिनं.

मी थेंब टाकले. दिपालीनं डोळे मिटले. ह्या बारीला मी दोन्ही हातांनी बाटली धरली.

"आई!" अर्पिता बोलली, लय मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी. "दिपालीच्याबी डोक्यावर ठिव की हात."

भगवानराव वळून बघायला लागला. बघू दे! ओठ गच्च मिटून मी हात ठिवला.