कणकुंबीच्या बसमध्ये न तुटलेला कॉल

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे आणि पाठीचं झाकण रबरबँडने बांधून ठेवलेलं आहे. तरीही मी स्वतःला मोडका म्हणवून घेत नाही. का, ते ऐका.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बेळगावच्या बाजारातलं दुकान आणि काउंटरवर टेकलेले दोन खरबरीत हात. ते कणकुंबीच्या भरमा आप्पांचे. आप्पा पूर्वी निपाणीहून कोल्हापूरला तंबाखूचा टेम्पो नेत. त्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "हालत्या गाडीत धरतोय का?"

"धरतोय की, अण्णा. सोडणार न्हाय."

हालत्या गाडीत धरून राहणं हेच तर आमचं खरं काम. घरातलं वायफाय दारापाशी संपतं. मग टॉवर धरायचा. गाडी पुढे जाते तसा तोही मंदावतो आणि पुढचा टॉवर ऐकू येऊ लागतो. बोलणाऱ्याला कळूही न देता हात बदलायचा असतो. आप्पांनी आपल्या लेकीला, सौम्याला, लहानपणी जांभळावर चढायला शिकवलं होतं. तेव्हाचं त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं : "पुढची फांदी हातात आल्याबिगर मागची सोडायची न्हाय." माझं सारं शिक्षण या एका वाक्यात मावतं.

आप्पा मला रोज धोतराच्या सोग्याने पुसत. त्यांच्या पत्नी जयाबाई म्हणत, "जरा म्हशीला बी पुसा की. ती दूध तर देतीया."

पण त्याच मायेच्या हातांनी मला पहिल्याच दिवशी बांधूनही ठेवलं. सीमेवरच्या माणसांची ही जुनी सवय. निपाणी ओलांडली की फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर धरायचा आणि रोमिंग लागायचं. म्हणून आप्पा प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कर्नाटक' एवढंच पक्कं करून ठेवत. रोमिंगची ती भीती कधीच संपली होती, सवय मात्र राहिली. कणकुंबीत मला गोव्याचा टॉवर ऐकू येई, पण त्याला हात द्यायची मला मुभा नव्हती.

सौम्या इंजिनिअर झाली. बंगळूरच्या एका कंपनीने तिची मुलाखत ठेवली. चालत्या गाडीतले फोन तुटू नयेत, हेच त्या कंपनीचं काम. सौम्याच्या फोनचा कॅमेरा बिघडला होता, म्हणून मी पुढे झालो. गावच्या दूध डेअरीत वायफाय होतं. मुलाखत सुरू झाली आणि वीज गेली; वायफाय आणि गावातला टॉवर दोन्ही बंद पडले. कॉल तुटला तो तुटलाच. सगळ्यांनी गावाला दोष दिला. कंपनीच्या ऋचा मॅडमनी आणखी एक संधी दिली. तीही हुकली असती, तर तिसरी मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. रानात तारेवर झाड पडलं, डेअरीचं वायफाय विझलं आणि गावातला टॉवरही गप्प झाला. पडद्यावर 'जोडत आहे' एवढंच फिरू लागलं. सौम्याने घाईघाईने माझी सेटिंग उघडली आणि ती थबकली.

"आप्पा, ह्ये कर्नाटक तुमी पक्कं करून ठेवलंय?"

"व्हय. रोमिंग लागतंय की."

"कवाचं बंद झालंय ते."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मग सोड त्याला. धरू दे कुणाला धरतोय त्याला."

तिने 'आपोआप' निवडलं. मित्रांनो, त्या क्षणी मला दोन्ही हात मिळाले. मी डोंगरापलीकडचा गोव्याचा टॉवर पकडला आणि ऋचा मॅडमचा चेहरा परत आला. पण त्या टॉवरची लाट धुक्यासारखी येत-जात होती. रस्त्यावर बेळगावची बस उभी होती. कंडक्टर रवळू म्हणाला, "जांबोटीला रेंज फुल्ल हाय. चढा दोघं बी."

"कुठे निघालात?" मॅडमनी विचारलं.

"बसमध्ये बसतेय, मॅडम. चालेल?"

त्या जराशा हसल्या. "चालेल. पण कॉल तुटला तर मुलाखत संपली."

रवळूने बसला बजावलं, "पोरीची परीक्षा चाललीया. कुणी खोकायचं न्हाय."

मागच्या बाकावरच्या यशोदाबाई म्हणाल्या, "खोकला ईल त्याला तिकीट काढू व्हय, रं?"

"पदरात खोका, मावशी."

बस हलली. मॅडमनी विचारलं, चालत्या गाडीत कॉल का तुटतो? सौम्याने कंपनीच्या तांत्रिक भाषेत उत्तर सुरू केलं आणि मधेच म्हणाली, "माझे वडील सांगतात, पुढची फांदी हातात आल्याशिवाय मागची..."

तेवढ्यात रस्ता दाट रानात उतरला. गोवा मागे पडला आणि जांबोटी अजून ऐकू येत नव्हती. पडदा गोठला. पुन्हा 'जोडत आहे'.

"कट झालं?" रवळू हळूच म्हणाला.

"थांबा," सौम्या म्हणाली.

आप्पांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि खिडकीच्या गजांना लावून धरलं. त्यांच्या बोटांतली नाडी मला जाणवत होती. मी कान देऊन ऐकू लागलो. झाडं, वळण, पुन्हा झाडं. आणि मग रानाच्या टोकाकडून जांबोटीचा बारीकसा आवाज आला. मी तो पकडला आणि सोडला नाही.

"हं, मागची फांदी... पुढे?" ऋचा मॅडम म्हणाल्या.

"सोडायची नाही," सौम्या म्हणाली.

तिथून पुढे मी एकेक टॉवर असा धरत गेलो की सौम्याचा एक शब्दही गळला नाही. किणये, पिरनवाडी, मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या कामगारांच्या मोटारसायकलींची गर्दी. तिथे पोचल्यावर मॅडम म्हणाल्या, "आमची खरी परीक्षा गाडीत बसूनच असते. ती तुम्ही आजच दिलीत. या कामाला."

रवळूने डबल बेल दिली. "पास झाली. आता ज्यास्नी खोकायचंय त्यांनी खोका." सारी बस हसत हसत खोकली. आप्पा खिडकीबाहेर बघत मला सोग्याने पुसत राहिले.

नंतर सौम्याने त्यांना नवा फोन देऊ केला. त्यांनी घेतला नाही. "ह्येनं माझी लेक पोचवलीया," म्हणाले.

गेल्या माघात आप्पा गेले. मी कपाटात पडून राहिलो आणि माझी बॅटरी फुगली. परवा सौम्याने मला बाहेर काढलं, नवी बॅटरी घातली, सिम आप्पांचंच ठेवलं आणि त्याच बसने कणकुंबीला आणलं. रवळूचे केस आता पिकले आहेत. जांबोटीच्या रानात त्याने तिच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं.

"कट झालंय?"

"न्हाय," ती म्हणाली.

मित्रांनो, जुना फोन फेकण्याआधी एकदा त्याला चार्ज करून बघा. आणि भीतीपोटी कुणाचा हात बांधून ठेवला असेल, तर तो सोडून बघा.

आता मी जयाबाईंचा आहे. काल त्यांनी अंगणातून पहिला कॉल लावला. सौम्याचा फोन चुलीजवळ होता. त्यावर नाव उमटलं : आप्पा.

तिने क्षणभर ते पाहिलं. मग फोन उचलला.

"बोल, आई. ऐकू येतंय."