आढ्यावरची जागा

ब्रिखिदाच्या घराला धूर द्यायचा दिवस उजाडला, तेव्हा अर्धं गाव तिच्या अंगणाच्या गडग्यावर येऊन बसलं होतं. गालात कोकाची पानं, खांद्यावर घोंगड्या आणि डोळे छपरावर.

आमच्या डोंगरात नवं छप्पर असंच पारखतात. आत ओल्या गवताची धुनी लावायची, दार ओढून घ्यायचं आणि बाहेरून वर बघत राहायचं. उकडलेल्या बटाट्यांच्या टोपलीतून वाफ निघते, तसा धूर सगळ्या छपरातून हलके हलके निघाला, तर शाकारणी चांगली. एका जागेतून भसकन सुटला, तर खोटी. खोट्या छपराखालच्या चार भिंतींना आम्ही घर म्हणत नाही. आणि जिथं घर नाही, तिथली जागा नवरा मेलेल्या बाईकडं राहत नाही. ती दिराकडं जाते.

दीर गडग्यावर सगळ्यांच्या पुढं बसला होता. एवारिस्तो. नवी टोपी घालून.

याच एवारिस्तोचं घर ब्रिखिदाच्या नवऱ्यानं शाकारलं होतं, सावडीनं. गावातल्या बहुतेकांची छपरं त्याच्याच हातची. म्हणून ब्रिखिदाच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा सावड फेडायला सगळे येतील असं आम्हा बायकांना वाटलं होतं. तिनं मक्याची दारू, चिचा, गाळून ठेवली, मोठा हंडा भरून सूप शिजवलं. पण कुणाची कंबर धरली, कुणाचं मेंढरू हरवलं. एवारिस्तोनं घरोघर जाऊन 'शाकारणीला जाऊ नका' असं सांगितलं होतं, ते चुलीजवळ बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा हात घातलेलं छप्पर उजाडल्यापासून मावळेपर्यंत पुरं करावं लागतं. उघड्या वाशांवर रात्र पडू द्यायची नाही. ब्रिखिदानं काल दुपारपर्यंत वाट पाहिली. मग परकर कमरेला खोचला आणि शिडीला हात घातला.

"अगं, बाईमाणूस छपरावर चढलं की गारा पडतात," मी म्हटलं.

"सिमोना, तू पेंढ्या फेक."

मी फेकल्या. कडाक्याच्या थंडीनंतर कापलेलं इचू गवत, विंचरून, भिजवून ठेवलेलं. वळचणीपासून सुरुवात करून ती वर वर गेली. प्रत्येक पेंढी खालच्या पेंढीच्या गाठीवर, शेंडे खाली, बुडखे वर, गवताच्याच दोरीनं वाशाला आवळलेली. खाली आम्ही दोऱ्या वळत होतो आणि उंच आवाजात गात होतो:

*वाऱ्याच्या वाटेवर, बाई, बांधिलं मी घर*
*वारा पुसतो कुणाचं, नाव माझं आढ्यावर*

सूर्य मावळला तेव्हा ती आढ्यावर होती.

आता पारख करायला इलारियो तायता आला होता. तायता म्हणजे बाबा; गावातला सगळ्यांत जुना शाकारणारा. बोलणं कमी, खोकणं जास्त. त्यानं वळचण दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गवतात कोपरापर्यंत हात खुपसला, बाहेर काढून हुंगला. घराला फेरी घातली.

"तायता, बायकांनी विणलंय ते," एवारिस्तो गडग्यावरून म्हणाला. "स्वेटर आहे का बघा. बाह्या असतील!"

गडी हसले. कंबर धरलेलाही कंबर हलवून हसला.

"लाव धुनी," तायता म्हणाला.

ब्रिखिदा आत गेली. दार लागलं. आम्ही माना वर केल्या.

आधी काहीच दिसेना. मग डावं पाखं पांढुरकं झालं. मग उजवं. गवताच्या काडीकाडीतून धूर पाझरत होता. थंडीत उभ्या असलेल्या लोकरी लामा जनावराच्या अंगातून वाफ निघावी, तसं अख्खं छप्पर श्वास घेत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात, ऐन आढ्याच्या मधोमध, धुराचा जाड लोट सुटला.

"चूल! चूल!" एवारिस्तो उडी मारून उठला. "वहिनीनं छपराला धुराडं ठेवलं! तायता, सांगा आता. हे घर आहे की भट्टी?"

तायतानं तोंड उघडलं, पण दार त्याच्या आधी उघडलं. ब्रिखिदा खोकत, डोळे पुसत बाहेर आली. तिनं वर पाहिलं. मग शिडी उचलली आणि सगळ्या गावादेखत भिंतीला लावली.

"वहिनी! खाली ये!"

ती काल चढली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चढताना कुणा गड्यानं पाहिलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना माफ होतं. आता ती डोळ्यांसमोर चढत होती, एकेक पायरी, अजिबात घाई न करता.

आढ्यावर पोचून तिनं धुराच्या लोटात हात घातला.

"भाऊजी, ही कशाची खोबण आहे?"

एवारिस्तोनं टोपी पुढं ओढली.

"आढ्यावर क्रूस रोवायची खोबण आहे. शाकारणीच्या संध्याकाळी क्रूस कुणी आणायचा असतो?"

"धाकट्या दिरानं," इलारियो तायता खाली बघत पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, तायता, वर वारा आहे."

"धाकट्या दिरानं!"

"मी जागा ठेवली. क्रूस आला नाही. दिरानं क्रूस आणावा ही रीत, बाईनं छपरावर चढू नये हीही रीत. एक तुम्ही मोडलीत, भाऊजी, एक मी मोडली. आता धूर बघा."

असं म्हणून ती त्या खोबणीवरच बसली. चार परकर ऐसपैस पसरून, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. लोट तुटला. थोड्या वेळानं छप्पर पुन्हा सगळीकडून सारखं वाफाळू लागलं. आम्ही बायका अशा हसलो की गडग्याचा एक दगड निसटला.

"उतर!" एवारिस्तो डोंगराकडं बोट दाखवत ओरडला. "ते बघ ढग! गारा आणल्यास तू गावावर!"

ढग खरंच काळा होता, आणि सरळ गावाकडंच येत होता.

"येऊ देत की," ती म्हणाली. "छप्पर कशाला असतं मग?"

गारा आल्या. राजगिऱ्याच्या दाण्यांएवढ्या, मग मक्याच्या दाण्यांएवढ्या. गडग्यावरचे सगळे धावले, आणि धावायला जवळचं दार एकच होतं. गडी, बायका, कुत्री, सगळे ब्रिखिदाच्या घरात. एवारिस्तोही घुसला, नवी टोपी छातीशी धरून. मी बाहेरून तिला घोंगडी फेकली. तिनं ती डोक्यावर ओढली, पण जागची हलली नाही.

आत धुरानं डोळे झोंबत होते. वर गारांचा ताशा वाजत होता. इलारियो तायता खोलीच्या मधोमध तळहात वर करून उभा राहिला, मग एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. तळहात कोरडाच. त्यानं तो तसाच एवारिस्तोच्या नाकापुढं धरला.

वरून, गवतापलीकडून, ब्रिखिदाचा आवाज आला:

"भाऊजी, गळतंय का?"

सगळे एवारिस्तोकडं वळले.

"भाऊजी!"

"नाही," एवारिस्तो टोपीत बोलला.

"ऐकू नाही आलं! वर गारा आहेत!"