मारेन जेवते

वर्तमानपत्रातल्या टीकाकार बाईने सिसेलच्या टीव्ही मालिकेतल्या मारेनबद्दल एकच वाक्य लिहिलं होतं, पण ते तिला पाठ झालं होतं. 'शिंपले काढणाऱ्याची ही बायको फ्योर्डकाठी संसार करायला आलेली नसून स्वेटर घालून फोटो काढून घ्यायला आल्यासारखी वाटते.' मेकअपच्या गाडीत बसून तिने ते पुन्हा एकदा वाचलं आणि तिला हसूच आलं. बाई खोटं कुठे बोलत होती? स्वेटरचे फोटो काढून घ्यायला सिसेल याच किनाऱ्यावर आधी दोनदा येऊन गेली होती.

ती मूळची इथलीच, लेमविगच्या एका मासेमाराची मुलगी. शाळेत पोरं तिला डोलकाठी म्हणायची. सोळाव्या वर्षी बंदरावरच्या जत्रेत कोपनहेगनच्या एका बाईने तिचे चार फोटो काढले आणि डोलकाठीचं नशीब फिरलं. अठराव्या वर्षी ती पॅरिसला होती. सकाळी एक सफरचंद आणि दिवसभर काळी कॉफी, एवढ्यावर ती मैलोन्‌मैल चालायची आणि वर त्याची फुशारकी मारायची. पुढे तिशी उलटली तशी कामं एकेक करून आटली. आधी पॅरिसने फोन करणं सोडलं, मग मिलानने, मग हॅम्बुर्गच्या कॅटलॉगवाल्यांनी. शेवटी उरले ते लोकरीचे कारखाने.

टीव्हीवर तिला पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. गुन्ह्याची मालिका होती आणि तीन दिवस ओल्या गवतात निपचित पडायचं होतं. इतकं गुणी प्रेत आजवर मिळालं नव्हतं, असं दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर सांगितलं. या कौतुकावर रडावं की हसावं हे तिला कळलं नाही, पण त्या प्रेतातूनच पुढची कामं निघाली. वकिलाची दुसरी बायको झाली, मंत्र्याची मैत्रीण झाली, आणि एकेचाळिसाव्या वर्षी मारेन मिळाली. रविवारी संध्याकाळी आठ वाजता, सगळा देश सोफ्यावर बसलेला असतो त्या वेळेची मालिका. याहून वर डेन्मार्कमध्ये कुणी चढत नाही. पडायला मात्र तिथूनही जागा असते.

दुसऱ्या हंगामाचं चित्रीकरण अर्ध्यावर आलं तेव्हा दिग्दर्शिका सिग्ने तिला बाजूला घेऊन बसली. सिग्ने चौतीस वर्षांची, कायम रबरी बुटात, आणि गोड बोलणं तिच्या गावीच नव्हतं.

"सरळच सांगते. सहाव्या भागात तुझा नवरा बुडतो. निर्मात्यांनी सातवा भाग दोन तऱ्हांनी लिहून घेतलाय. एकात तू त्याची बोट चालवायला घेतेस. दुसऱ्यात तू ऑलबोर्गला बहिणीकडे राहायला जातेस."

"आणि परत कधी येते?"

"येत नाहीस."

"मला बहीण आहे हे मलाच माहीत नव्हतं."

"परवाच जन्माला आली ती," सिग्ने म्हणाली. "अंत्यविधीनंतरचा जेवणाचा प्रसंग बघून ते ठरवणार आहेत. लोकांना मारेन खरी वाटली तर बोट, नाहीतर ऑलबोर्ग."

"माझं चुकतं तरी काय?"

"काहीच नाही, तेच तर चुकतंय. कॅमेरा कुठेही ठेवला तरी तू उजेड हुडकून काढतेस. रडतेस तेसुद्धा डाव्या डोळ्याने, कारण तुझी डावी बाजू चांगली आहे. अगं, नवरा मेलाय तुझा! बाजू कसली सांभाळतेस?"

डाव्या डोळ्याची गोष्ट कुणाच्या लक्षात येत नसेल असं सिसेलला इतकी वर्षं वाटत होतं.

प्रसंग साधा होता. चर्चमधून मंडळी गावच्या सभागृहात येतात. भाजलेल्या डुकराचे काप, उकडलेले बटाटे, तपकिरी रस्सा, लाल कोबी. पाद्री उभा राहून बुडालेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. संहितेत लिहिलं होतं: मारेन ताटासमोर बसते, ताटाला हात लावत नाही.

"हे बेतून शिवलंय तुझ्यासाठी," प्रेबेन म्हणाला. प्रेबेन चौऱ्याहत्तर वर्षांचा, मारेनच्या सासऱ्याचं काम करायचा. पन्नास वर्षं त्याची या धंद्यात गेली होती आणि त्यातली निम्मी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, थंड जेवणासमोर. "पण चुकूनसुद्धा घास घेऊ नकोस. पहिल्या टेकला जे खाशील तेच, तेवढंच, त्याच शब्दाला, दिवसभर खावं लागतं. तरुणपणी मी ईस्टरच्या प्रसंगात हौसेने हेरिंग मासळी खाल्ली होती. चौदा वेळा! अजून हेरिंगची बरणी दिसली की पोटात ढवळतं."

"मी आणि घास? मला ओळखतोस ना तू?"

"ओळखतो. म्हणून तर काळजी नाही," तो हसून म्हणाला.

पहिला टेक झाला. सिसेल ताटासमोर बसली, हात मांडीवर ठेवले, मान थोडी खाली घातली. खिडकीतला उजेड आपसूक तिच्या गालाच्या हाडावर येऊन थांबला. तिने काही केलं नव्हतं, शपथेवर सांगितलं असतं तिने. पण शरीराला पंचवीस वर्षांची सवय, ते तिला विचारत बसत नाही.

"सुंदर," मॉनिटरच्या पडद्यामागून सिग्ने म्हणाली. मासा शिळा आहे असं सांगावं तसा तो सूर होता.

दिवे हलवायला दहा मिनिटं गेली. सिसेल जागेवरच बसून राहिली. समोर रस्सा वाफाळत होता, आणि त्या वासाने तिला दुसऱ्याच एका सभागृहात नेऊन बसवलं. ती एकोणीस वर्षांची होती. बाबा गेले होते, हृदय बंद पडून, बोटीवर. ती पॅरिसहून थेट चर्चमध्ये आली, अंगात मागून आणलेला महागडा काळा कोट. सभागृहात गावातले सगळे होते आणि सगळे तिच्याकडे बघत होते. आणि शेजारी बसलेली आई जेवत होती. जेवत कसली, ताटावर तुटून पडली होती. कोपर टेबलावर, मान खाली, एक घास गिळायच्या आत दुसरा काट्यावर. रस्सा हनुवटीवर आला तरी पुसायची शुद्ध नाही. सिसेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, अशी काय खातेस? लोक बघतायत."

आईने काटा ताटाच्या कडेला ठेवला. पुन्हा उचलला नाही. त्या दोघींमध्ये तो विषय नंतर कधी निघाला नाही. पॅरिसमध्ये मात्र सिसेलने मैत्रिणींना तो किस्सा सांगितला होता, नक्कल करून, आणि सगळ्या पोट धरून हसल्या होत्या. नक्कल तिला चांगली साधायची.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला, पाद्री बोलायला लागला, आणि सिसेलने काटा उचलला.

पहिले दोन घास नकलेचे होते. कोपर टेबलावर, मान खाली, तीच घाई. तिसऱ्या घासाला काहीतरी बिनसलं. असं खायचं तर तेवढी भूक लागावी लागते, आणि ती भूक तिला लागली. किती वर्षांची होती कुणास ठाऊक. नवरा नाही, उद्या आहे, आणि हे शरीर बेशरमासारखं मागतंय, एवढंच तिला कळत होतं. शेवटच्या बटाट्याने तिने ताट पुसून घेतलं.

"कट!" कुणी काही बोलण्याआधी उला धावत आली. कंटिन्युइटी सांभाळणारी उला, कुणाच्या कपातली कॉफी कुठवर होती हे वर्षानंतरही सांगेल अशी. "दुसरा बटाटा पाद्रीच्या कुठल्या शब्दाला कापलास?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. 'समुद्र'. आता दिवसभर 'समुद्र'लाच कापायचा."

प्रेबेनने कपाळावर हात मारून घेतला.

ताटं झाली अकरा. दूरचा कोन, जवळचा कोन, पाद्रीच्या खांद्यावरून, प्रेबेनच्या खांद्यावरून. पाचव्या ताटाला तिच्या पोटात दुखायला लागलं. सातव्याला मांस संपलं आणि शेजारच्या गावातल्या खाटकाकडे गाडी पिटाळावी लागली. 'कट' झालं की थुंकायला बादली असते, सगळेच वापरतात. तिने ती नको म्हटलं. थुंकायचं आहे हे ठाऊक असलं की घास वेगळाच घेतला जातो, हे तिला सकाळीच उमगलं होतं.

"नवऱ्यामागे आठ दिवसांत ही पण जाणार," प्रेबेन कुजबुजला. "फुटून."

"मला हसवू नकोस, बाहेर येईल सगळं."

अकराव्या ताटाला कॅमेरा अगदी तोंडाजवळ होता. सिसेलने उजेड शोधला नाही. खरं तर तेवढं त्राणच उरलं नव्हतं. डोळे भरून आले ते दोन्ही, नाकही वाहायला लागलं आणि ती चावत राहिली. सिग्ने येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली आणि स्वतःच्या बाहीने तिची हनुवटी पुसली.

"झालं," ती म्हणाली. 'सुंदर' म्हणाली नाही.

ऑलबोर्गची बहीण आली तशी गेली. मारेनला बोट मिळाली, वर तिसऱ्या हंगामाचा करारही. सिसेलचा आनंद मात्र घरी पोचेपर्यंतही टिकला नाही. गाडी चालवता चालवता तिच्या लक्षात आलं. हे जेवण तिचं नव्हतं, आईचं होतं. एकदा ते तिने थांबवलं होतं, एकदा त्याची टर उडवली होती, आणि आता न विचारता उचलून देशभर दाखवायला दिलं होतं. आई दर रविवारी आठला टीव्हीसमोर असायचीच. तिला ओळखू येणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं. आपण आईला जगासमोर दुसऱ्यांदा उघडं पाडतोय, हा विचार चार महिने तिच्या डोक्यातून गेला नाही. फोनवर सांगायचं तिने तीनदा ठरवलं आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला.

जानेवारीत तो भाग दाखवायचा होता त्या रविवारी ती दुपारच्या गाडीने लेमविगला गेली. आई, गुड्रुन, एकाहत्तरची, आता जरा वाकलेली, दारातच म्हणाली, "आधी कळवायचं तरी. मी जेवून घेतलंय."

आठला पाच मिनिटं कमी असताना सिसेलने धीर केला. "आई, आजच्या भागात एक प्रसंग आहे, तो मी—"

"सांगू नकोस. मजा जाते."

मग इलाजच उरला नाही. दोघी सोफ्यावर बसल्या. आई कुठलाही भाग बघून एकच शेरा द्यायची, तोही कपड्यांबद्दल. त्या दिवशी नवरा बुडाला तेव्हा ती म्हणाली, "कोट पातळ आहे गं तुझा, या वाऱ्याला." मग चर्च झालं, सभागृह आलं, पाद्री उभा राहिला. मारेनने काटा उचलला.

सिसेल पडद्याकडे बघतच नव्हती. ती आईचे हात बघत होती. 'समुद्र' या शब्दाला ते हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले आणि तसेच राहिले. मारेन खात होती, सासरा तिच्याकडे बघत होता, सगळं सभागृह बघत होतं. मग ताट पुसून झालं.

"शेवटपर्यंत खाते ही," आई म्हणाली.

"हो."

"कुणी काही बोलत नाही तिला."

"आई, माझं चुकलं. तेव्हाही, आणि आता हे तुला न विचारता—"

"थांब. बघू दे."

शेवटी पडद्यावर नावं सरकायला लागली तेव्हा आईने आवाज बंद केला. चेहऱ्यावर राग नव्हता. ती बोलली ते खिडकीकडे बघत.

"तुझे बाबा गेल्यावर आठ दिवस माझ्या घशाखाली पाणीसुद्धा धड उतरत नव्हतं. त्या दिवशी ताट समोर आलं आणि एकदम भूक लागली. इतकी लागली गं, की मला वाटलं, अगंबाई, म्हणजे मी जगणार तर!" ती जराशी हसली. "मग तू म्हणालीस, लोक बघतायत. आणि खरंच बघत होते. तेव्हापासून कुणासमोर जेवायचं धाडसच नाही झालं मला. तुझ्यासमोर तर नाहीच."

सिसेलला एकेक नाताळ आठवायला लागला. वाढदिवस, नामकरणं, भावाचं लग्न. आई सतत उभी, हातात वाढायचा डाव, 'चाखता चाखताच पोट भरलं माझं' असं म्हणणारी. आणि समोर ती स्वतः, काट्याने कोबीची पानं इकडची तिकडे करणारी, आपलं न जेवणं कुणाला दिसू नये म्हणून धडपडणारी. बावीस वर्षं दोघी एकाच टेबलावर बसून न जेवता उठल्या होत्या, आणि एकीनेही दुसरीचं ताट पाहिलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि कुठल्या डोळ्यातून ते तिने बघितलं नाही.

डोळे पुसून तिने विचारलं, "मगाशी मी आले तेव्हा म्हणालीस, जेवून घेतलंय."

"हो."

"जेवली होतीस?"

"नाही," आई म्हणाली.