फरशीच्या फडक्याचं पुण्य

"धर! घट्ट धर! मनात पाप नसेल तर पेटेल!"

उजेडबाबांनी बल्ब आमच्या ओळखीच्या शिंप्याच्या ओल्या तळहातावर ठेवला आणि तो खरंच पेटला. ना वायर, ना होल्डर, ना बटण. भाड्याने घेतलेल्या त्या सभागृहात असा काही गलका उठला की माझ्या कानठळ्या बसल्या. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले. एक आजोबा चष्मा काढून डोळे पुसायला लागले. शिंपी तर ढसाढसा रडत होता.

"रडू नको बाळा," बाबा माइकमध्ये म्हणाले. "विजेचं बिल किती उतरलं ते सांग सगळ्यांना."

"अर्ध्यावर आलं, बाबा! तुमचे बल्ब लावले आणि मीटरच थंड पडलं!"

पुन्हा टाळ्या. शेजारच्या टेबलावर बाबांचे शिष्य 'सिद्ध' बल्बांची खोकी भराभर विकत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक इस्त्रीवाला उठला. म्हणाला, "बाबा, मीपण नेले होते बल्ब. माझं बिल होतं तेवढंच आलं."

बाबांनी डोळे मिटले. "श्रद्धा कमी पडली तुझी. आणखी दोन खोकी ने."

आणि तो बावळट खिशात हात घालून टेबलाकडे निघाला की हो! मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या सातवीच्या वर्गातलं पोरही सांगेल, की शिंप्याच्या दुकानात दिवसभर चार जुने पिवळे बल्ब जळत होते, तिथे बाबांचे एलईडी लागल्यावर बिल उतरणारच. इस्त्रीवाल्याची वीज खाते ती इस्त्री. त्याने छतभर बल्ब टांगले तरी इस्त्री काय कमी खाणार आहे? यात श्रद्धेचा संबंध येतो कुठे?

मी तिथे आपण होऊन गेले नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंनी सगळ्यांना ओढून नेलं होतं. पाच महिन्यांचं बाळ त्यांच्या मांडीवर, शेजारी माझी बहीण, पलीकडे तिचा नवरा. हा गृहस्थ आईसमोर ब्रसुद्धा काढत नाही. बहीण पुठ्ठ्याची खोकी बनवण्याच्या कारखान्यात कामाला जाते. दिवसभर डिंक लावून घड्या चिकटवायच्या. त्या दिवशीही कामावरून थेट आली होती बिचारी.

इस्त्रीवाल्याला लुबाडताना बघून तिला राहवलं नाही. ती उठून म्हणाली, "बाबा, असाच बल्ब आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाव किमतीला मिळतो. मग तुमच्या बल्बात वेगळं काय आहे?"

बाबा हसले. ते हसू आठवलं की अजून मला शिसारी येते.

"ये पोरी. तुझीच परीक्षा घेऊ."

रांगेतल्या प्रत्येकाचे हात शिष्य तांब्यातल्या 'मंतरलेल्या' पाण्याने धूत होता. माझ्या बहिणीची पाळी आली तेव्हा बाबांनी त्याला नुसतं डोळ्याने खुणावलं. त्याने तांब्या बाजूला ठेवला आणि जाड टॉवेलने तिचे हात खसाखसा कोरडे केले. मग बाबांनी बल्ब तिच्या तळहातावर टेकवला.

पेटला नाही.

"बघा!" बाबा गरजले. "दोष आहे या हातात! आई, तुमच्या मांडीवरचं लेकरू हिचं का? मग हा हात त्याला लागू देऊ नका. घरातले सगळे बल्ब बदला, हिला पुढच्या सभेला घेऊन या, मग बघू."

सासूबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं. आणि आजूबाजूच्या बायका, ज्यांच्याशी माझी बहीण रोज बसस्टॉपवर गप्पा मारते, त्यांनी आपापल्या खुर्च्या हळूच बाजूला सरकवल्या. किळस आली मला. बाबाची आलीच, पण त्या सरकणाऱ्या खुर्च्यांची जास्त आली.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. रडून रडून आवाज बसलेला. "ताई, ते मला बाळाला घेऊच देत नाहीयेत. बाटलीचं दूध पाजतायत त्याला. तो रडतोय गं पलीकडच्या खोलीत, आणि माझा ब्लाउज भिजून गेलाय."

"आणि तुझा नवरा?"

"ते म्हणतात, आठवड्याचाच तर प्रश्न आहे."

त्या माणसाला दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात असं वाटलं. त्याऐवजी मी इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले आणि बाबांकडे होता तसलाच बल्ब घेऊन बहिणीचं घर गाठलं. तिला स्वयंपाकघरात नेलं. बल्ब माझ्या हातात धरला, पेटला. तिच्या हातात दिला, नाही पेटला.

"म्हणजे खरंच आहे का गं ताई?"

"गप्प बस. बोटं दाखव तुझी."

बोटांवर, तळहातावर वाळलेल्या डिंकाचा थर, त्याखाली घट्टे. गरम पाणी आणि साबण घेऊन मी ते हात घासघास घासले. डिंकाच्या साली निघाल्या. ओल्या हातावर बल्ब ठेवला. लख्ख! बहीण हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. पण म्हणाल्या काय, तर "तुमचा दुकानातला बल्ब. कोणाच्याही हातात पेटेल. बाबांचा सिद्ध केलेला असतो."

"मग बाबांच्याच बल्बावर दाखवलं तर बाळ देणार हिच्याकडे?"

"दाखवा तर खरं."

पुढच्या सभेला मी रांगेत उभी राहिले. हात धुऊन घेतले, बल्ब पेटला. बाबा म्हणाले, "वा! विद्यादान करणारे पवित्र हात!"

बल्ब परत घ्यायला शिष्याने हात पुढे केला, पण मी दिला नाही. सभागृहाच्या कोपऱ्यात साफसफाईची बादली होती आणि तिच्या काठावर फरशी पुसायचं ओलं फडकं. काळंकुट्ट, कुबट वासाचं. मी तिकडे चालत गेले, ते फडकं उचललं, स्टेजच्या कडेला पसरलं आणि बल्बचं बूड त्याच्यावर दाबून धरलं.

तो सिद्ध बल्ब फडक्यावर असा झगझगीत पेटला म्हणून सांगू!

"बाबा," मी माइक ओढून घेतला, "या फडक्याचं पुण्य किती हो? यानेसुद्धा विद्यादान केलंय का?"

आधी त्या इस्त्रीवाल्याच्या तोंडून हसू फुटलं, आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं. बाबा ओरडले, "अश्रद्ध बाईने बल्ब बाटवला! ही शक्ती..."

"शक्ती नाही, बॅटरी आहे आत," मी म्हटलं. "वीज गेली तरी चालू राहणारा हा बल्ब कुठल्याही दुकानात मिळतो. बुडाशी ही दोन टोकं आहेत. ती एकमेकांना जोडली गेली की आतल्या बॅटरीवर तो पेटतो. ओला हात ती जोडतो, कारण ओल्या कातडीतून थोडी वीज वाहते. ओलं फडकंही जोडतं. कोरडा, घट्टे पडलेला, डिंक वाळलेला हात जोडत नाही. या माणसाला ज्याच्याकडून पैसे काढायचे त्याचा हात हा ओला करतो. जो प्रश्न विचारेल त्याचा हात पुसून घेतो. एवढीच याची सिद्धी!"

"खोटं!" बाबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"मग तुमचे हात टॉवेलने पुसा, रबरी हातमोजे घाला आणि पेटवून दाखवा. पुण्य काय हातमोज्याने अडतं?"

बाबांनी हात पाठीमागे घेतले. मी बहिणीला वर बोलावलं. तिने तांब्यातलं पाणी स्वतःच हातावर ओतून घेतलं. बल्ब तिच्या हातात पेटला, आणि ती तो उंच धरून एकेका खुर्चीकडे बघत राहिली. खुर्च्या सरकवणाऱ्या बायकांच्या माना खाली गेल्या.

मग काय, सगळे टेबलाकडे धावले. आमचे पैसे परत द्या, आमचे पैसे परत द्या! त्या धक्काबुक्कीत बाबा मागच्या दाराने सटकले. शिंपी मला विचारत होता, "बाई, पण माझं बिल तर खरंच उतरलं ना?" त्याला समजावून सांगितलं, की जुन्या पिवळ्या बल्बची बहुतेक वीज नुसती तापण्यात जाते, म्हणून तर त्याला हात लावला की चटका बसतो. एलईडी तेवढाच उजेड कितीतरी कमी विजेत देतो. बिल त्याने उतरलं. त्याने मान डोलावली आणि तोही पैसे मागायला धावला. माझ्या बहिणीची माफी मागायला मात्र त्या गर्दीतलं एक माणूस पुढे आलं नाही.

सासूबाई आल्या. बाळ भुकेने किंचाळत होतं. त्यांनी ते पुढे केलं आणि म्हणाल्या, "चुकलं गं माझं. घे."

बहिणीने बाळाला घेतलं. त्याने लगेच तोंड छातीत खुपसलं. भिंतीकडे वळून बसत ती म्हणाली, "आठवडाभर रडत होता तो, आई. तुम्ही ऐकत होतात."

तिचा नवरा पुढे आला, तसा तिने त्याला नुसता हात दाखवून लांबच थांबवलं.

तेव्हा माझं ऐका. घरातले जुने बल्ब काढा आणि एलईडी लावा, बिल नक्की उतरेल, त्यासाठी कुणाच्या पाया पडायला नको. दुकानात जा, वॉट बघा, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, आत काय आहे, याचा हात का धुतला, त्याचा का पुसला. टाळ्या वाजवायच्या आधी विचारा. तुम्ही टाळ्या वाजवत असता तेव्हा एखादं लेकरू पलीकडच्या खोलीत आईवाचून रडत असतं.