आधी लाटणं, मग फिरवणं

अमरावतीच्या बसमध्ये रश्मीला डुलकी लागली आणि स्वप्नात मॅट्रिक्स आली, ओळी-रकान्यांची चौकट. कॉम्प्लेक्स आकड्यांची, हर्मिशियन. कर्णावर वास्तव संख्या ताठ बसलेल्या. बाकीच्या कर्णापलीकडच्या जोडीदाराकडे आरशात पाहावं तशा बघत होत्या, फक्त काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं. किती शहाण्या, तिला वाटलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात ती दहावीच्या शिकवण्या घेई. हे वरचं गणित तिचं तिनंच, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये शिकलेलं. आज अमरावतीत पदवीच्या पोरांच्या एका क्लासमध्ये तास घेऊन दाखवायचा होता. जमला तर नोकरी.

"नाई जमलं तर पोळ्या हायेतच," निघताना ती म्हणाली होती.

"पोळ्या तं जमल्यावरही हायेत," नवरा, श्रावण, म्हणाला.

फळ्यापाशी तिनं थेट खडू उचलला. "कोणतीही चौरस मॅट्रिक्स दोन कामांत मोडते. पी ताणते, फिरवत नाही, ती हर्मिशियन. यू फिरवते, लांबी बदलत नाही, ती युनिटरी. पोळीसारखं. आधी लाटा, मग फिरवा." आणि तिनं लिहिलं: ए बरोबर पी यू.

पहिल्या बाकावरची अदिती म्हणाली, "मॅडम, व्हेक्टर, म्हणजे तुमच्या पोळीचा गोळा, तं उजवीकडं उभा रायते. त्याले आधी यू भेटते. तुमी फिरवून मंग लाटून राहिल्या."

वर्ग हसला. मागे बसलेल्या, क्लास चालवणाऱ्या कमलाकांत सरांनी चष्मा काढला.

रश्मी फळ्याकडे बघत राहिली. लाटणं आधी, म्हणून हातानं पी आधी लिहिला होता.

"चुकलं," ती म्हणाली. पुसून यू पी लिहिलं. पण तिथून पाय निघेना. "गोळा आडवा लाटून पाव वळसा फिरवला, तर पोळी उभी. आधी फिरवून मग आडवा लाटला, तर आडवी. मग क्रम बदलूनही तीच पोळी कधी?"

"सगळीकडून सारखी लाटली तर," अदिती म्हणाली.

"तीही एक. पण आणखी आहेत. यू आणि पी जिथं एकमेकांच्या आड येत नाहीत, त्या साऱ्या नॉर्मल मॅट्रिक्स." बोलता बोलता खडू संपला, तास संपला, तिला कळलंच नाही.

बाहेर सर म्हणाले, "ताई, पुसायच्या आधी इतका वेळ काय बघत होता?"

"माझं स्वयंपाकघर, सर."

सरांनी चष्मा परत घातला. "सोमवारपासून या. नॉर्मल मॅट्रिक्स घ्या. आणि डबा मोठा आणा, पोरं आता पोळ्या मागतील."

परतीची बस पश्चिमेला चालली होती. पुढच्या काचेत मावळता सूर्य आडवा, लांबट दिसत होता. कुणीतरी लाटून फिरवायचं विसरलं असावं.