मागच्या दाराची कडी

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी आमच्या ख्रिस्ती देवळातले बाक पुसत होतो, तेव्हा घाईबाई अनवाणी आत आली. माझी बायको काम करायची त्याच लाँड्रीत ती इस्त्री करते. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करते, म्हणून बायकोनेच तिला हे नाव ठेवलं होतं. त्या दिवशी ती काही बोलेना. पहिल्या बाकावर बसली आणि तळहात पुढे केला. भाजलेला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "कडी तापली होती. काढली मी, पण उशीर झाला."

लाँड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. कपडे वाळवायच्या यंत्रात धाग्यांचा भुगा साचतो, त्याने पेट घेतला. पुढच्या बायका पुढच्या दाराने पळाल्या. माझी बायको यंत्रापलीकडच्या मागच्या खोलीत घड्या रचत होती. त्या खोलीचं दार गल्लीत उघडतं, पण त्याला बाहेरून कडी. मध्यंतरी काही चादरी चोरीला गेल्या, तेव्हा मालकांनी ती बसवली. आग फारशी नव्हती, दाराच्या वरच्या चौकटीपुरती; बाकी सगळा धूर होता. घाईबाई वळसा घालून गल्लीत पोचली तेव्हा बायको दाराला टेकून बसली होती.

मालक आमच्याच मंडळीचे पंच, देवळाचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. माणूस वाईट नाही. प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड ते कित्येक वर्षं फुकट धुऊन देतात, थंडीत कांबळी वाटतात. बायकोची शवपेटी उचलायला सगळ्यांत पुढे तेच होते. रडले. खोटं रडले नाहीत.

आता माझं सांगतो. मी देवळाची झाडलोट करतो, घंटा वाजवतो. दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी असेल तो चिठ्ठी लिहून तीत टाकतो. शनिवारी मी पेटी उघडतो, चिठ्ठ्या सरळ करून पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवतो. रविवारी उपासनेत ते त्या वाचतात, नाव न घेता. बायको मला चिडवायची, "काय ओ टपालवाले, आमचं पत्र वर पोचलं का?"

उन्हाळ्यात पेटीत तिची चिठ्ठी निघाली. 'आमच्या लाँड्रीचं मागचं दार बाहेरून बंद असतं. आम्हाला भीती वाटते. ते उघडं राहावं म्हणून प्रार्थना करा.' नाव नव्हतं, पण मंडळीत लाँड्रीवाले एकच, आणि ते दुसऱ्या बाकावर बसतात. तिचं काम जाईल असं मला वाटलं. आम्ही राहतो ती खोलीही देवळाच्या आवारातली, पंचांनी दिलेली. मी चिठ्ठी खिशात घातली.

रविवारी ती ताठ बसून ऐकत होती. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. घरी म्हणाली, "साहेबांना माझं अक्षर लागलं नसेल." पुढची तिने मोठ्या अक्षरात लिहिली. तीही मी काढून घेतली. तिसरीत तिने वर 'कृपया' लिहिलं होतं.

मग तिने लिहिणं सोडलं. "जाऊ द्या. देवाला चिठ्ठी कशाला लागते?"

"तेच म्हणतो मी," मी म्हणालो. तिच्याशी मी यावर एवढंच बोललो.

दफनानंतर चौथ्या दिवशी मी तिन्ही चिठ्ठ्या पाळकसाहेबांसमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी त्या वाचल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तेव्हाच का नाही दिल्यात?"

"दिल्या असत्या तर वाचल्या असत्या का?"

त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक रचल्या. "शब्द जरा बदलून वाचल्या असत्या," ते म्हणाले.

"आता आहेत तशा वाचा."

"चौकशी चालू आहे. शिवाय मालक स्वतः खचलेत हो. त्यांना सर्वांसमोर कसं उभं करायचं?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत.

तीन आठवड्यांनी लाँड्री पुन्हा सुरू झाली. मी गल्लीत जाऊन पाहिलं. दार नवीन होतं. कडी नवीन होती, बाहेरूनच, आणि लावलेली. मी घरून स्क्रू काढायचा पेचकस आणला. पहिला स्क्रू अर्धा सुटला तोवर घाईबाई आली.

"भाऊजी, ते खिशात ठेवा."

"तुझाच हात भाजला ना गं?"

"भाजला. त्याच हाताने इस्त्री धरते, दुसरा कुठून आणू? आज कडी निघाली की उद्या आम्हाला विचारतील, कोणी काढली. लाँड्री बंद पडली तर आम्हा नऊ जणींना देवळात घेणार का तुम्ही? घंटेला दोरी एकच आहे." ती हसली, मग तोंड फिरवलं. "सांगायचं तर मालकांना तोंडावर सांगा. तुमच्या नावावर."

मी तो अर्धा सुटलेला स्क्रू परत घट्ट केला.

त्या शनिवारी मी स्वतः चिठ्ठी लिहिली. 'लाँड्रीच्या मागच्या दाराला बाहेरून कडी आहे. माझी बायको तिथे मेली. ती कडी काढली जावी.' खाली नाव घातलं. पेटीत टाकली, पेटी उघडून काढली आणि गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवली.

रविवारी पाळकसाहेबांनी एका आजारी म्हातारीची चिठ्ठी वाचली, मग परीक्षेची. मग हातातल्या कागदाकडे पाहून थांबले. "कष्ट करणाऱ्या सर्व भगिनींचं प्रभूने रक्षण करावं," ते म्हणाले. मंडळी आमेन म्हणाली. मालक डोळे पुसत आमेन म्हणाले. मी मागे दोरीजवळ उभा होतो. सवयीने माझ्याही तोंडून आमेन गेलं.

उपासना संपल्यावर मालकांनी दारात माझा हात हातात घेतला. "काही लागलं तर सांगा, संकोच करू नका." मला काय लागत होतं ते जिभेवर होतं. मागे माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, "बरं."

तिच्या तीन चिठ्ठ्या तिच्या बायबलमध्ये आहेत. त्या मीच काढून घेतल्या होत्या हे तिला मी सांगितलं नाही. मालकांना अजून काही बोललो नाही. कडी आहे तिथेच आहे.