वारुळातला राजा

सत्यभामाबाईंनी ठरवलं म्हणजे ठरलं. त्यांच्या घरात देवसुद्धा त्यांना विचारूनच कोपत असावा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सुनेची, धुरपताची, कूस उजवत नव्हती. सत्यभामाबाईंनी आंबागडचा एकही देव नवसावाचून सोडला नाही. शेवटी भय्याजी वैद्यांनी औषध सांगितलं: वारुळातली उधईची, म्हणजे वाळवीची, राणी जिवंत धरायची आणि गुळाच्या खड्यात घालून गिळायची. भय्याजींच्या स्वतःच्या घरी नऊ पोरं होती, तेव्हा त्यांचं औषध लागू पडणारच, असं गाव धरून चालत होतं.

"वैशाखातल्या अखजीच्या सणापर्यंत वाट पाहीन. नाही तं मंग मी मोकळी," सत्यभामाबाई म्हणाल्या. मोकळी म्हणजे लेकाचं, तेजरामचं, दुसरं लग्न लावायला मोकळी, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

धुरपताला त्याहून एक गोष्ट जास्त कळत होती. शहात्तर साली, आणीबाणीत, जंगलात लाकडं तोडायला गेलेल्या तेजरामला ट्रकमध्ये कोंबून नसबंदीच्या शिबिरात नेलं होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा. घरी येऊन त्यानं ताप आल्याचं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी आईच्या धाकानं मुकाट बोहल्यावर चढला. लग्नानंतर वर्षभरानं त्यानं धुरपताजवळ रडत रडत हे कबूल केलं आणि कोणाला न सांगायची शपथ घातली. तिनं ती पाळली. वांझ म्हणवून घेतलं, बारशाच्या घरातून मान खाली घालून परत आली, पण तोंड उघडलं नाही. तिला नवऱ्याची दया येई. अलीकडे रागही येऊ लागला होता.

पौष महिन्यात, धान घरात आल्यावर, भातशेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, वारूळ खोदायला सगळे गेले. सत्यभामाबाईंनी आधी वारुळाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि मग "खोद" म्हणाल्या. सब्बल, लोखंडी पहार, तेजरामच्या हातात होती. कुठं घाव घालायचा ते सांगायला जंगलकामावरचा म्हातारा मंगरू होता.

कमरेइतकं खोदल्यावर मातीचं एक चपटं, कडक ढेकूळ निघालं. मंगरूनं ते अलगद फोडलं. आत बोटाएवढी पांढुरकी राणी होती. डोकं मुंगीएवढं, पोट मात्र फुगलेलं आणि सारखं हलत असलेलं.

"इले चालताबी येत नाही," मंगरू म्हणाला. "कोठडीची भोकं बारीक. कामकरी उधया तेवढ्या ये-जा करतेत, इले खाऊ घालतेत, अन् ही रातदिस अंडी देते. पंधरा-पंधरा वर्स जगते म्हणतेत. बाकीच्या वर्स-दोन वर्सात मरतेत. त्याइले ना लगन, ना लेकरू."

"इले काढल्यावर त्याइचं काय होते?" धुरपतानं विचारलं.

"काय होणार? हायेत तेवढ्या म्हाताऱ्या होतेत. नवीन जलमत नाही. वारूळ उजाड पडते."

तेवढ्यात राणीच्या पोटाखालून एक काळसर किडा बाहेर आला आणि पुन्हा तिच्याच अंगाखाली शिरला.

"हा राजा," मंगरू म्हणाला. "मुंग्याइचा नर लगन लागलं का मरते. हा जलमभर इच्यापाशी राहते. हा नसंल तं राणीचीबी अंडी बंद."

"राजाले काय करायचं हाय?" सत्यभामाबाईंनी राणी उचलली आणि राजाला पायाच्या अंगठ्यानं मातीत सारलं. "औषध राणीचं हाय."

धुरपतानं तेजरामकडे पाहिलं. बोलायला याहून सोपी जागा त्याला कोणी करून दिली नसती. तो सब्बलीला चिकटलेली माती खरवडत राहिला.

सासूनं गुळाचा खडा पुढे केला. त्यात काहीतरी वळवळत होतं.

"अवो," धुरपता नवऱ्याला म्हणाली, "गिळू का मी?"

"गिळून टाक ना," तो खाली पाहत म्हणाला. "मायच्या मनासारखं होऊन जाऊ दे."

तिनं गिळलं. मंगरूनं लोटा पुढे केला तो तिनं घटाघटा रिकामा केला.

सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला. "आता देवाची मर्जी. नाही तं शहापूरच्या पार्वताबाईची धाकटी हाय, सतरा वर्साची. मी बोलून ठेवलं हाय."

सतरा! ती पोर उद्या अशाच एखाद्या वारुळापाशी उभी राहणार, हे धुरपताला लख्ख दिसलं. स्वतःसाठी जे इतकी वर्षं तोंडातून निघालं नव्हतं, ते त्या न पाहिलेल्या पोरीसाठी निघालं.

"तिलेबी होणार नाही, आत्याबाई. याइची नसबंदी झाली हाय. लगनाच्या आधीच. ट्रकात घालून नेलं होतं."

"तेजराम, खरं हाय का रे?"

तेजराम मातीच्या ढिगावर बसला आणि त्यानं दुपट्ट्यात तोंड लपवलं. आईला उत्तर मिळालं. ती सुनेकडे वळली. आवाजातला हुकूम पार गेला होता.

"तुले मालूम होतं, तं मंग ते कायले गिळलं, बाई?"

"हे बोलतीन म्हणून वाट पाहून राहिली होती," धुरपता म्हणाली. "घशाखाली उतरेपर्यंत पाहिली."